१,२२५ फोन आणि एक खाट

निजामपुऱ्याच्या गल्लीत उभं राहून बोलायचं तर आवाज चढवावा लागतो, कारण भिंतीपलीकडे लूम चालू असते. भिवंडीत यंत्रमाग किती, तर सहा लाखांच्या आसपास, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाला जातो. सगळे माग एकाच वेळी चालू आहेत असं धरलं, तर या एका शहरात दर मिनिटाला सहा कोटी वेळा धोटा फेकला जातो. एकेक कामगार एकाच वेळी कितीतरी मागांवर नजर ठेवून असतो आणि तुटलेला धागा जोडताना त्याची बोटं या सगळ्या धावपळीपासून वीतभर अंतरावर असतात. धोटा सुटून डोळ्यावर बसतो, पट्ट्यात बोट जातं, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये वाफेनं अंग भाजतं. इथल्या दवाखान्यांना या जखमा रोजच्या झाल्या आहेत.

२०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या ७,०९,६६५ होती, आणि क्षेत्रफळ जेमतेम २६ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे २७ हजार माणसं. राज्याची सरासरी तेव्हा ३६५ होती. हे झालं शहराच्या हद्दीतलं. हद्दीबाहेर काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या पट्ट्यात गोदामांच्या रांगा आहेत, त्यांच्या दाराशी रात्रंदिवस कंटेनर लागलेले असतात. राजनोली नाक्यावरून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही पूर्ण खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा तो रस्ता याच तालुक्यातल्या आमणे इथे येऊन संपतो.

या सगळ्यासाठी शहरात सरकारी रुग्णालय आहे ते इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, शंभर खाटांचं. सात हजार माणसांमागे एक खाट. त्याच शंभरात बाळंतिणी आहेत, डेंग्यूचे रुग्ण आहेत, सर्पदंश झालेला शेतकरी आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाची कवटी उघडून रक्ताची गाठ काढायची असेल, तर उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय अपेक्षितच नसते. हा दोष त्या रुग्णालयाचा नाही, व्यवस्थेची रचनाच तशी आहे. म्हणून रुग्ण ‘वर’ पाठवावा लागतो. वर म्हणजे ठाण्याला, कळव्याला, नाहीतर थेट मुंबईत शीवला किंवा परळला. या ‘वर’ शब्दात किती मिनिटं मावतात आणि त्या मिनिटांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कुणाची आहे, हा या लेखाचा विषय.

आधी राज्याचा पसारा पाहू. २०२२ मध्ये महाराष्ट्रात ३३,३८३ रस्ते अपघात झाले आणि १५,२२४ माणसं गेली. दिवसाला जवळजवळ ४२, म्हणजे साधारण दर साडेचौतीस मिनिटांना एक. देशाचा आकडा त्याच वर्षी १,६८,४९१ होता, ताशी १९ मृत्यू. ही फक्त रस्त्यावरची गणती. लोकलमधून पडलेले, परांचीवरून कोसळलेले, यंत्रात सापडलेले, भिंतीखाली आलेले यांत नाहीत.

यांच्यापर्यंत पोचण्यासाठी राज्याने २०१४ साली १०८ ची सेवा सुरू केली. ताफा ९३७ रुग्णवाहिकांचा. त्यांतल्या २३३ प्रगत म्हणजे व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर असलेल्या, ७०४ प्राथमिक. फोन कुठूनही लावा, तो पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात वाजतो. गाडीत डॉक्टर असतो, ही महाराष्ट्राची खासियत, आणि ती साधी गोष्ट नाही. तरी भागाकार करून पाहा. ११ कोटी २३ लाख लोकसंख्येला ९३७ गाड्या म्हणजे एका गाडीमागे एक लाख वीस हजार माणसं. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. एका गाडीच्या वाट्याला ३२८ चौरस किलोमीटर, म्हणजे भिवंडी शहराच्या साडेबारा पट जमीन. प्रगत गाडी हवी असेल तर एकीमागे चार लाख ब्याऐंशी हजार माणसं. पुढे राज्याने हा ताफा १,७५६ वाहनांपर्यंत नेण्याचा करार केला, त्यात नवजात बालकांसाठी ३६ गाड्या, १६६ दुचाकी आणि २५ बोटीही धरल्या आहेत. गाड्या वाढायलाच हव्यात. पण माझं म्हणणं असं की गाड्या दुप्पट झाल्या तरी अर्धीच वाट सरते. उरलेली अर्धी गाडी सुटल्यावर सुरू होते.

आता घड्याळाकडे वळू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटर गेलं की जीव धोक्याच्या रेषेपलीकडे जातो. पोटात प्लीहा फाटली आहे आणि मिनिटाला ५० मिलिलिटर रक्त आतल्या आत सांडतंय असं समजा. हे कटिंग चहाच्या ग्लासापेक्षा कमीच भरतं, आणि बाहेरून तर काहीच दिसत नाही. या वेगाने दोन लिटर जायला चाळीस मिनिटं लागतात. शहरी भागात १०८ ने वीस मिनिटांत पोचावं असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट तंतोतंत पाळलं, तरी गाडी दाराशी येईपर्यंत एक लिटर गेलेलं असतं. हातापायावरची जखम दाबून धरता येते, पट्टा आवळता येतो. पोटातल्या रक्तस्रावावर बाहेरून काहीही दाबता येत नाही. त्यावर इलाज एकच, शस्त्रक्रियेचं टेबल.

डोक्याच्या दुखापतीचा हिशेब वेगळा. १९८१ मध्ये अमेरिकेत ८२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या आवरणाखाली साकळलेलं रक्त चार तासांच्या आत काढलं त्यांच्यातले ३० टक्के दगावले; चार तासांनंतर काढलं त्यांच्यातले ९० टक्के. तोच आजार, तीच शस्त्रक्रिया. चार तास ऐकायला भरपूर वाटतात. त्यातून अपघाताच्या जागेवरचा गोंधळ वजा करा, गाडीची वाट पाहणं वजा करा, पहिल्या रुग्णालयातला एक्स-रे, टाके, पोलीस नोंद, पुढच्या गाडीची व्यवस्था, मग ठाण्याच्या दिशेची वाहतूक, मग दुसऱ्या रुग्णालयातला नवा केसपेपर, सीटी स्कॅनची रांग. शिल्लक काय राहतं ते ज्यांनी असा रुग्ण नेला आहे त्यांना विचारा.

औषधाचंही तसंच. ट्रॅनेक्झामिक ॲसिड नावाचं एक स्वस्त इंजेक्शन आहे, रक्ताची गुठळी टिकवून धरणारं. शोसुके आणि उताको ओकामोतो या जपानी दांपत्याच्या संशोधनातून ते आलं. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांमध्ये २०,२११ जखमींवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले; त्या जखमींत सर्वांत मोठा वाटा भारतातला होता. पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात. तीन तासांनंतर दिलं तर फायदा राहत नाही, उलट धोका वाढतो. पुढच्या विश्लेषणात दिसलं की दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायद्यातला सुमारे दहा टक्के भाग गळून जातो. आपल्याच माणसांच्या अंगावर सिद्ध झालेली ही गोष्ट आहे. ती आपल्या प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक अपघात विभागात पोचलेली असायला हवी.

मग पोचायचं कुठे? इथे एक छोटं गणित करू. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला एकाच वेळी चार गोष्टी लागतात: हजर असलेला न्यूरोसर्जन, चालू असलेलं सीटी मशीन, व्हेंटिलेटरची रिकामी खाट आणि जुळणारं रक्त. समजा एखादं रुग्णालय चांगलं आहे आणि यातली प्रत्येक गोष्ट तिथे पाचपैकी चार वेळा उपलब्ध असते. ८० टक्के म्हणजे कुणीही समाधान मानेल. पण चारही गोष्टी एकाच क्षणी मिळण्याची शक्यता किती? शून्य पूर्णांक आठचा चार वेळा गुणाकार केला की येतात ४१ टक्के. म्हणजे शंभरातल्या ५९ वेळा या ‘चांगल्या’ रुग्णालयाच्या दारातूनही गाडी परत फिरेल. कुणीही कामचुकारपणा केलेला नाही, सगळे आपापल्या जागी राबत आहेत, तरीही. दारं ठोठावत फिरण्यामुळे रुग्ण दगावतो तो या गुणाकारामुळे. आणि त्यावर उपाय एकच: निघण्याआधी माहीत असणं, की या घटकेला चारही गोष्टी कुठे आहेत.

माहीत करून घ्यायचं तर विचारायचं कुणाला? मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. त्यांतल्या सहा एकट्या ठाणे जिल्ह्यात. प्रत्येकीचे दवाखाने वेगळे, आरोग्य अधिकारी वेगळे, अंदाजपत्रक वेगळं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या आरोग्य विभागाची, वैद्यकीय महाविद्यालयं काही राज्याची तर काही महापालिकांची, १०८ चं संचालन कंत्राटदाराकडे, रक्तपेढ्या कुणा ट्रस्टच्या, आणि बहुसंख्य अतिदक्षता खाटा खासगी. माणकोली नाक्यावर ट्रकखाली आलेला माणूस शीवला पोचेपर्यंत दोन महापालिकांच्या हद्दींतून जातो. त्याच्या संपूर्ण प्रवासाला जबाबदार असलेलं एकही कार्यालय मध्ये लागत नाही.

अशा वेळी काम चालतं ते ओळखीवर. निवासी डॉक्टर आपल्या बॅचमेटला फोन लावतो, नातेवाईक नगरसेवकाला लावतात, रुग्णवाहिकेतला डॉक्टर कालच्या अनुभवावरून ठरवतो. समजा प्रदेशात पन्नास मोठी रुग्णालयं आहेत आणि प्रत्येकाला इतर प्रत्येकाची स्थिती हवी आहे. पन्नास गुणिले एकोणपन्नास, भागिले दोन: १,२२५ जोड्या. म्हणजे सगळ्यांना सगळ्यांची खबर ठेवायची तर १,२२५ फोनांची साखळी, आणि तीही दर दोन तासांनी शिळी होणारी. रुग्णालयं शंभर धरली की जोड्या ४,९५० होतात. रुग्णालयं दुप्पट झाली आणि फोन चौपट. मध्ये एकच कक्ष ठेवा, प्रत्येकाने फक्त त्या कक्षाला कळवावं, की पन्नास रुग्णालयांना पन्नास फोन पुरतात. अशा समन्वयाची गरज का, याचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

हे गणित भिवंडीने आपल्या अंगावर सोसलं आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांसकट खाली आली. पहिले हात लागले ते शेजाऱ्यांचे. मग अग्निशमन दल, ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद दल, मग एनडीआरएफ. ढिगाऱ्यातून २५ जणांना जिवंत काढलं, ४१ जण गेले. दिवस कोणते होते तेही आठवावं. कोविडची पहिली लाट देशात शिखरावर होती, चारच दिवसांपूर्वी एका दिवसाची रुग्णसंख्या ९८ हजारांना टेकली होती. खाट हा शब्दच तेव्हा घरोघरी धास्तीचा झाला होता. जखमींना भिवंडी आणि ठाण्याच्या रुग्णालयांत हलवलं गेलं.

ढिगाऱ्याखालच्या जखमीचं एक वैशिष्ट्य आहे, आणि ते समन्वयाच्या मुळाशी जातं. मांडीवर तासन्‌तास स्लॅब पडून राहिला की स्नायू आतून मरतात. स्लॅब उचलल्यावर त्या मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि विषारी द्रव्यं एकदम रक्तात येतात. शुद्धीवर असलेला, बोलणारा माणूस सुटकेनंतर अचानक कोसळतो. लंडनवरच्या बॉम्बफेकीतल्या जखमींमध्ये १९४१ साली हे नीट वर्णिलं गेलं. उपाय असा की स्लॅब हलवण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करायचं आणि पुढे मूत्रपिंडं बंद पडली तर डायलिसिस द्यायचं. म्हणजे काँक्रीट कापणाऱ्या जवानाला, सुई लावणाऱ्या डॉक्टरला आणि दहा-पंधरा किलोमीटर पलीकडच्या डायलिसिसच्या तंत्रज्ञाला एकाच वेळी एकमेकांची खबर हवी. ऐनवेळी ओळखीपाळखीतून हे जमवणं अवघड. ते आधी ठरलेलं लागतं. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्याला वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळून आठ जण गेले, ती जागा महापालिकेच्या हद्दीबाहेर. जिलानीपासून थोड्याच अंतरावर, पण कागदोपत्री वेगळा कारभार.

दुसरीकडे काय करतात? अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने १९८९ मध्ये कायदा करून राज्यव्यापी अपघात-उपचार व्यवस्था उभारायला घेतली. २५४ काउंट्यांचे २२ विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाला एक प्रादेशिक परिषद दिली. त्या परिषदेत रुग्णालयं, रुग्णवाहिका सेवा, हेलिकॉप्टरवाले, डॉक्टर, परिचारिका सगळे बसतात. ट्रॉमा केंद्राचा दर्जा हवा असेल तर आपल्या परिषदेत भाग घ्यावाच लागतो. येणं न येणं मर्जीवर नाही. सॅन अँटोनियोच्या परिषदेचा एक संपर्क कक्ष आहे: खेड्यातल्या डॉक्टरने एक फोन करायचा, रुग्ण कुठे जाईल ते कक्ष सांगतो. आता माणसं मोजा. टेक्सासची लोकसंख्या २०२० मध्ये २ कोटी ९१ लाख होती, म्हणजे एका परिषदेमागे सरासरी तेरा लाख, दोन भिवंडींपेक्षाही कमी. आपल्याकडे आरोग्य विभागाची आठ परिमंडळं आहेत. ठाणे, पालघर, रायगड मिळून एकट्या ठाणे परिमंडळात २०११ मध्येच १ कोटी ३७ लाख माणसं होती, मुंबई सोडून. टेक्सासच्या दहा परिषदांइतका भार, आणि त्या परिमंडळाच्या कामांच्या यादीत लसीकरणापासून कुष्ठरोगापर्यंत सगळं.

टेक्साससारखा पैसा आपल्याकडे नाही, हे उत्तर मला पटत नाही, कारण इंग्लंडने यंत्रांपेक्षा वाट बदलून मोठा फरक पाडला. लंडनमध्ये २०१० साली चार रुग्णालयं मोठी ट्रॉमा केंद्रं म्हणून नेमली आणि गंभीर जखमीला जवळचं रुग्णालय ओलांडून थेट तिथे न्यायचं ठरलं. २०१२ पासून सगळ्या इंग्लंडमध्ये अशी जाळी विणली गेली. एक लाख दहा हजारांहून अधिक जखमींच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष निघाला की जगण्याची शक्यता १९ टक्क्यांनी सुधारली आणि सुमारे सोळाशे जास्तीची माणसं वाचली. जवळचं रुग्णालय ओलांडून जाणं कुणाही नातेवाइकाच्या मनाविरुद्धच असतं. तो निर्णय रस्त्यावर घेता येत नाही. परिषदेने आधी कागदावर घेतलेला असावा लागतो.

एकेका मृत्यूचा हिशेब मागण्याचं काम महाराष्ट्राने आधी केलं आहे, फक्त दुसऱ्या दारात. बाळंतपणात दगावलेल्या प्रत्येक बाईच्या मृत्यूचा जिल्हा पातळीवर आढावा घ्यायची पद्धत २०१० पासून देशभर आली. दुखणं कधी ओळखलं, गाडी किती वाजता मिळाली, रक्त कुठे अडलं, कुठून कुठे पाठवलं, हे एकेका बाईपुरतं विचारलं जातं. २००७-०९ मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे १०४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ३३. श्रेय एकट्या आढाव्याचं नाही, संस्थेतली बाळंतपणं वाढली, गाड्या आल्या. पण प्रत्येक मृत्यूला कुणीतरी ‘का’ विचारणारं होतं. रस्त्यावरच्या १५,२२४ मृत्यूंची पोलिसांत नोंद होते, विमा दाव्यात होते. रस्ता सुरक्षा समितीत अपघातप्रवण जागा, गतिरोधक, दिवे यांची चर्चा होते. पण गेलेल्यांपैकी किती जण रुग्णालयाच्या दाराशी पोचेपर्यंत जिवंत होते आणि कोणत्या टप्प्यावर वेळ गेला, हा प्रश्न तितक्याच चिकाटीने मृत्यूगणिक विचारला जायला हवा.

पैशाची अडचण थोडी सैल झाली आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार मिळायचे आहेत. मदत करणाऱ्या वाटसरूला कायद्याचं संरक्षण मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मिळालं, त्याच कायद्यात पहिल्या तासाची व्याख्याही आली. म्हणजे उचलणारा सुरक्षित आहे, गाडी आहे, पैसे आहेत. चिठ्ठीवर मात्र अजूनही ‘पुढील उपचारासाठी वरच्या रुग्णालयात’ एवढंच लिहिलेलं असू शकतं, आणि कोणत्या, हे रात्री दोन वाजता जखमीच्या भावाने ठरवायचं असतं.

सुरुवातीला इमारत लागत नाही. नऊ महापालिकांचे आरोग्य अधिकारी, ठाणे परिमंडळाचे उपसंचालक, १०८ चे संचालक आणि मोठ्या खासगी रुग्णालयांचे प्रतिनिधी महिन्यातून एकदा बसले आणि आधीच्या महिन्यातले मृत्यू एकेक करून तपासले, तर ती प्रादेशिक परिषदच झाली. आणि रोजचं काम म्हणाल तर पन्नास रुग्णालयांनी दर दोन तासांनी चार गोष्टी कळवायच्या: न्यूरोसर्जन हजर आहे का, सीटी चालू आहे का, व्हेंटिलेटरच्या किती खाटा मोकळ्या, ओ निगेटिव्हच्या किती पिशव्या. दिवसाचे बारा फेरे, पन्नास रुग्णालयं, चार नोंदी: २,४००. त्यांतल्या बऱ्याचशा नोंदी पाळी बदलताना वॉर्डातली परिचारिका तशाही वहीत उतरवत असते.